ओ निगेटिव्हच्या चार पिशव्या

ती बाळंतीण वाचली. पण हे मी बोललोच नाही असं समजा, कारण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि माझा कॉम्प्रेसर नुसता धडधडत होता.

मित्रांनो, मी रक्तपेढीतला एक जुना फ्रिज आहे. कारखान्यात माझ्या शेजारचे सगळे दूध-भाजी सांभाळायला गेले. माझ्या वाट्याला रक्त आलं. रोज सकाळी तंत्रज्ञ बाई माझं दार उघडायच्या, पिशव्या मोजायच्या, "शहाणा गं बाई माझा," म्हणून थोपटायच्या. कप्पा रिकामा दिसला की लगेच रक्तदात्यांना फोन.

मग त्यांच्या भाच्याने रक्तपेढीसाठी वेबसाइट बनवली. "मावशी, आता दार कशाला उघडतेस? बसल्या जागी दिसतंय सगळं." टाळ्या वाजल्या. मला कुणी थोपटेना.

त्या दुपारी प्रसूतिगृहातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, ताबडतोब.

"चार आहेत," बाई संगणकाच्या पडद्याकडे बघून म्हणाल्या आणि माझं दार उघडलं. कप्पा रिकामा. मी गार हवा सोडली. दुसरं काय करणार?

"मेल्या, पिशव्या कुठायत?" बाई शेजारीच बसलेल्या भाच्यावर ओरडल्या.

भाचा पांढराफटक पडला. "त्या खऱ्या नाहीत गं. पाहुण्यांना दाखवताना शून्य बरं दिसेना, म्हणून टाकल्या. काढायच्या राहिल्या."

"आणि दाता कोण दाखवलायस?"

"नाव सुचेना. मीच. चारही वेळा."

"गट?"

"माझाच."

"झोप त्या खाटेवर."

"मावशी, सुई बघून मला घेरी येते!"

"मग बघू नकोस."

एका हाताने बाईंनी जुन्या दात्यांना फोन लावले. शाळेतले चित्रकलेचे सर दुसऱ्या पिशवीसाठी रंगाने माखलेल्या हातांनीच धावत आले. तेवढ्यात पडदा लाल झाला. भाच्याच्या नावापुढे अक्षरं उमटली: 'या दात्याने नुकतेच रक्तदान केले आहे. कृपया तीन महिन्यांनी यावे.'

"नोंद घेतच नाहीये," भाचा आडव्यानेच म्हणाला. "नियम मीच घातलाय."

बाईंनी पडदा बंद केला आणि पिशवीवर पेनाने लिहिलं.

खिडकीशी बाळाचा बाप उभा होता. "झालं का हो, बाई?"

"तपासण्या चालल्यात. घाईत चुकीचं रक्त देऊ का?"

पिशव्या माझ्याकडे आल्याच नाहीत. तपासून थेट प्रसूतिगृहात गेल्या. फोन वाजेपर्यंत कुणी खुर्चीत टेकलं नाही. फोन वाजला, बाईंनी ऐकला आणि माझ्या दाराला कपाळ टेकून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, पडदा जरूर बघा, पण दारही उघडत जा.

सबब, व्यवस्थापन समितीस नम्र विनंती की, यापुढे साठ्याचा कोणताही आकडा जाहीर करण्यापूर्वी सदर फ्रिजची स्वाक्षरी घेण्यात यावी, व त्याकरिता सदर फ्रिजला एक हात मंजूर करण्यात यावा. डावा असला तरी हरकत नाही.