पट्टीतली तार

टाकेकाकांनी हेल्मेट गुडघ्यांत दाबलं, चिमट्याने तारेचं टोक धरलं आणि बेताबेताने ओढलं. हनुवटीखालच्या पट्टीतून तार वळवळत बाहेर आली. समोर उभा असलेला विमा एजंट हाताची घडी घालून बघत होता.

"काका, मागच्या महिन्यात घालत होतात, या महिन्यात काढताय. आता पुढच्या महिन्यात पट्टीच काढणार का?"

"तुम्ही डोकं सांभाळा, पट्टीचं मी बघतो," काका म्हणाले आणि दाभणात मेणाचा दोरा ओवू लागले.

शेजारच्या टपरीतला किल्लीवाला हसला. एजंट बोलत राहिला, काका टाके घालत राहिले. तारेवरून लोकांनी चार शब्द ऐकवावेत आणि आपण ऐकून घ्यावेत, हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं.

काकांचं काम बॅगा शिवण्याचं. समोर कचेऱ्यांच्या इमारती, त्यांच्या कडेला मोटारसायकलींची रांग. लोक हेल्मेटची पट्टी गाडीच्या कुलपात अडकवून वर कामाला जात आणि चोर खाली ब्लेडने पट्टी कापून हेल्मेट घेऊन जात. कुलूप जागच्या जागी, त्यात पट्टीचा तुकडा लोंबतोय, असं रोज कुणा ना कुणाच्या नशिबी यायचं. काकांची मुलगी इस्पितळात अपघात विभागात परिचारिका. तिचंही हेल्मेट असंच गेलं, तेव्हा काका पेटले. तिच्या नव्या हेल्मेटची पट्टी त्यांनी उसवली, आत सायकलच्या ब्रेकची तार घातली आणि पुन्हा शिवून टाकली. दहा हेल्मेटांत आपलं ओळखू यावं म्हणून तिच्या पट्टीला लाल दोरा वापरला. बाकी कुणालाच लाल दोरा दिला नाही.

बातमी रांगभर पसरली. बॅगा मागे पडल्या आणि काका हेल्मेटवाले झाले. उतारवयात आपल्याला काहीतरी नवीन सुचलं, याचं त्यांना मनातून अप्रूप होतं. किल्लीवाला म्हणायचा की कुलपं मी करतो आणि नाव यांचं होतं.

पुढे मुलीचं ते हेल्मेटही गेलं. चोराने पट्टीवर ब्लेड चालवून पाहिलं असावं. ती कापेना, म्हणून त्याने गाडीचं कुलूपच उचकटलं. मुलगी घरी येऊन म्हणाली, तुमची पट्टी जिंकली बाबा, कुलूप हरलं. काकांना वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं.

त्यानंतर आठवडाभराने एका दुपारी मुलगी कामावरून थेट टपरीवर आली. गणवेश बदललेला नव्हता. तिने खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि काकांच्या पाटावर ठेवलं. आत काळ्या दोऱ्याने शिवलेल्या पट्टीचा तुकडा होता. कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या आणि मधून तारेचे धागे विस्कटलेले.

"ही शिलाई तुमचीच ना?"

काकांनी तुकडा हातात न घेताच मान हलवली. आपला टाका कुणाला ओळखावा लागत नाही.

तिने सगळं सांगितलं. ट्रकखाली जाता जाता वाचलेला एक माणूस आणला होता. बक्कल चेपून बसलं होतं. अशा वेळी आम्ही पट्टी कापतो, म्हणाली, मान हलू न देता हेल्मेट काढायचं तर दुसरा इलाज नसतो. पण कात्री चालेना. घशाशी रक्त साचत होतं आणि आम्ही पट्टीशी झगडत होतो. शेवटी खालून कुणीतरी पक्कड आणली.

"वाचला?" काकांनी विचारलं.

"वाचला." तिने तुकडा काकांकडे सरकवला. "चोराला कापता येऊ नये म्हणून तुम्ही केलंत, बाबा. मलाही कापता आलं नाही."

ती रागावली असती तर काकांना सोपं गेलं असतं. तिने फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी गेली. काकांनी त्या दिवशी टपरी लवकर बंद केली.

दुसऱ्या दिवसापासून काढणी सुरू झाली. काकांनी रांगेच्या रखवालदाराला सांगितलं, किल्लीवाल्याला सांगितलं, गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला हाक मारली. काही चिडले, काही हसले, पण येत गेले. विमा एजंट शेवटच्यांपैकी. आता एकच हेल्मेट उरलं होतं, मुलीचं चोरीला गेलेलं, आणि त्याच्या मालकाला हाक मारायची सोय नव्हती. ते कुणाच्या तरी डोक्यावर रस्त्याने फिरत असणार. काका चौकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हनुवट्या न्याहाळू लागले.

"चोराची एवढी काळजी तर त्याच्या आईलाही नसेल," किल्लीवाला म्हणाला.

काकांची नजर पुढच्या हनुवटीवर गेली होती.

पुढे एका दुपारी टपरीसमोर जुनी मोटारसायकल थांबली. मागे बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. पुढच्या माणसाने हेल्मेट काढून पाटावर ठेवलं आणि मान चोळली.

"इथं खाली काहीतरी टोचतंय. बघता का जरा?"

काकांनी पट्टी उलटी केली. ब्लेडचे ओरखडे, एका बाजूला उसवलेली शिवण, तिच्यातून डोकावणारं तारेचं टोक. आणि लाल दोरा.

किल्लीवाल्याची कानस थांबली. तो उठू लागला. काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो खाली बसला.

"जुनंच घेतलंय," माणूस म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो रस्त्याकडे बघत होता.

"रोज घालता?"

"घालतो की."

"बक्कल लावून?"

मागची बाई म्हणाली, "नाही लावत. मी सांगून दमले."

काकांनी लाल दोरा एकेक टाका करत उसवला, तार पूर्ण ओढून काढली, बोट फिरवून आत काही राहिलं नाही ना ते पाहिलं आणि पट्टी काळ्या दोऱ्याने शिवली. माणसाने खिशात हात घातला, तेव्हा त्यांनी नको अशी खूण केली. मग उठून त्यांनी स्वतःच ते हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली बक्कल लावलं आणि पट्टीत दोन बोटं घालून ताण पाहिला. माणूस मुकाट्याने उभा राहिला, लहान मुलाने टोपी घालून घ्यावी तसा.

गाडी गेल्यावर किल्लीवाला बराच वेळ कानस चालवत राहिला. शेवटी म्हणाला, "नंबर तरी घ्यायचा होता गाडीचा."

"तार निघाली," काका म्हणाले.

संध्याकाळी मुलगी घरी आली. नवं हेल्मेट तिने खुंटीला अडकवलं आणि जेवायला बसण्याआधी सवयीने विचारलं, "निघाल्या का सगळ्यांच्या?"

"एक राहिली होती. आज निघाली."

तिने खिडकीत ठेवलेली तार उचलली. तारेच्या टोकाला लाल दोऱ्याचा एक टाका अडकलेला होता. ती तो टाका बोटाने फिरवत उभी राहिली. काका ताटाकडे बघत होते.

"बक्कल लावलं होतं का त्याने?" तिने विचारलं.

"मी लावून दिलं."