परीक्षकांचा सत्कार

संगमनेरात सत्कारावाचून कार्यक्रम होत नाही. रक्तदान शिबिर असो की बोअरवेलचं उद्घाटन, शाल-नारळ आधी येतात आणि माणसं मागाहून. त्यामुळे जर्नलच्या अंकाचं प्रकाशन करताना परीक्षकांचाही सत्कार करावा असं प्रा. बिभीषण कानवडे यांना वाटलं, यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच की ज्या माणसानं परीक्षकांची नावं स्वतःच्या बायकोलाही कधी सांगितली नाहीत, त्यालाच ही बुद्धी सुचली.

कानवडे सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि कॉलेजच्या विज्ञान-जर्नलचं संपादन करत. कुणाचा शोधनिबंध आला की आधी त्यावरचं लेखकाचं नाव काढायचं, मग तो त्या विषयातल्या जाणकाराकडे, म्हणजे परीक्षकाकडे, तपासायला पाठवायचा. जाणकाराचा अभिप्राय आला की त्याचं नाव झाकून तो लेखकाला कळवायचा. जाणकारानंही तपासलेल्या निबंधाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असा नियम. छापायचं की नाही, हे शेवटी संपादकानं आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. सगळं काम फुकटातलं, पण सर ते देवपूजेसारखं सोवळ्यात करत. बाकीचे प्राध्यापक त्यांची टिंगल करत आणि सरांना ती मनातून आवडत असे.

त्या वर्षी प्राचार्य कोंडीराम शेळके यांचा निबंध आला. शेळके म्हणजे संस्थेतलं बडं प्रस्थ. प्राध्यापक भरतीच्या मुलाखतीला टेबलापलीकडे ते असणारच. निबंधाचा विषय चोपण जमिनीचा. पाणी पाजून पाजून ज्या जमिनीवर क्षार फुटतात, चिखल घट्ट बसतो आणि पीक म्हणून उभं राहत नाही, ती चोपण. नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीची भुकटी टाकली की अशी जमीन दोन वर्षांत सुधारते, असं शेळक्यांचं म्हणणं होतं. कंपनी त्यांच्या भाच्याची होती, हे निबंधात लिहिलेलं नव्हतं.

सरांनी तो डॉ. रश्मी भालेरावकडे पाठवला. रश्मी कोल्हारची. तिच्या आईच्या वाट्याला प्रवरेकाठी जमिनीचा एक तुकडा आलेला, तोही चोपण. त्या तुकड्यापायीच पोरगी मातीच्या अभ्यासाला लागली आणि डॉक्टर झाली. संस्थेच्याच एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती, कायमच्या जागेची वाट बघत. निबंध कुणाचा हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं सरळ लिहून पाठवलं, की दुसऱ्या वर्षाचे आकडे हे पहिल्या वर्षाचेच आहेत, प्रत्येकात सारखीच भर घातली आहे, आणि माती इतकी आज्ञाधारक नसते. सरांनी स्वतः आकडे ताडून पाहिले. पोरीचं बरोबर होतं. त्यांनी शेळक्यांना नकार कळवला आणि त्या दिवशी जेवण त्यांना गोड लागलं.

इथवर सगळं नीट होतं. मग तो सत्कार आला. रश्मीनं फोनवर आढेवेढे घेतले. सर म्हणाले, अहो, नाव सत्कारापुरतं घेऊ, कामाचं कुणाला कळणार नाही. फुकट राबणाऱ्या माणसाचं कधीतरी कौतुक व्हायला नको का? आईलाही घेऊन या. सरांचा हेतू वाईट नव्हता, हेच तर वाईट.

प्रमुख पाहुणे शेळकेच होते. ते संस्थेनं ठरवलेलं, त्यात सरांना विचारलंच कोणी? स्टेजवर नुसतं नाव पुकारणं उघडंबोडकं वाटेल म्हणून सरांनी स्वतःच्या हातानं प्रत्येक नावापुढे विषय लिहून दिला होता. सूत्रसंचालकानं पुकारलं, मृदाशास्त्राच्या परीक्षक डॉ. रश्मी भालेराव. त्या वर्षी मातीवर निबंध आला होता एकच. हे सरांच्या डोक्यात त्या क्षणी लखकन शिरलं, पण तोवर पोरगी पायऱ्या चढली होती.

शेळक्यांनी शाल उलगडली, तिच्या खांद्यावर नीट बसवली.

"माती तुम्ही बघता होय?" ते म्हणाले. "छान."

समोर दुसऱ्या रांगेत नव्या लुगड्यातली भागिरथीबाई, रश्मीची आई, हात दुखेतो टाळ्या वाजवत होती.

उन्हाळ्यात मुलाखती लागल्या. शेळक्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. निबंधात थोडी दुरुस्ती केली आहे म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मग म्हणाले, भालेरावांची मुलगी हुशार आहे, तिचीही मुलाखत आहे, आपलीच पोरगी. सरांना सगळं कळलं. दुरुस्ती म्हणजे फक्त शीर्षक बदललेलं होतं.

सर आठवडाभर मनात तोलत राहिले. एका पारड्यात निबंध, दुसऱ्यात पोरीचं आयुष्य, आणि चूक आपली. रश्मीला विचारावं असं एकदा मनात आलं. पण तिनं नको म्हटलं असतं, आणि तेच त्यांना ऐकायचं नव्हतं. शेवटचा निर्णय संपादकाचा, असं स्वतःला बजावून त्यांनी निबंध कुणाकडेही न पाठवता छापला.

रश्मीची निवड झाली नाही. पात्र उमेदवार मिळाला नाही म्हणून जागा रिकामी ठेवली गेली. पुढच्या वर्षी तिच्या तासिकाही बंद झाल्या. अंक हातात पडला तेव्हा तिचा एकदाच फोन आला.

"सर, याचा दुसरा परीक्षक कोण होता?"

"ते सांगता येत नाही, रश्मी."

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. दुसरा परीक्षक नव्हताच, हे तिला कळलं असणार. सरांना स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

माफी मागायला ते कोल्हारला गेले ते दिवाळी उलटल्यावर. रश्मी घरी नव्हती. नागापूरला एका रंगाच्या कारखान्यात नमुने तपासायचं काम तिला मिळालं होतं, ती फक्त सुट्टीला येई. भागिरथीबाई रानात होती. सर विचारत विचारत तिथं पोचले आणि बांधावरच थांबले. बांधाला त्या भुकटीच्या गोण्या रचलेल्या होत्या आणि म्हातारी घमेल्यानं भुकटी फेकत होती. अर्धं रान झालं होतं.

सरांना बघून तिला कोण आनंद झाला. "तुमच्या पुस्तकात आलंय म्हनून घेतली, सर. दुकानदारानं त्याची झेरॉक्स भिताडाला लावलीय, तुमचं नाव हाय खाली. म्या म्हनलं, ह्या सरांनी माझ्या लेकीचा सत्कार केला, ते काय खोटं छापत्याल व्हय?"

"रश्मी काय म्हणाली?"

"तिला इचारलं, तर म्हनली, आये, नको टाकू. का म्हनलं, तर सांगंना. मला त्यातलं बोलता येत न्हाई म्हनली. नोकरी गेल्यापासनं अशीच करती, लई मनाला घेतलंय तिनं. म्या न्हाई ऐकलं."

नियम पाळायला ती एकटीच उरली होती.

"बाई, टाकू नका," सर म्हणाले. "ते खोटं आहे."

म्हातारीनं घमेलं कमरेवर घेतलं. "तुमाला ठावं हुतं?"

"होय."

"कधीपासनं?"

"छापायच्या आधीपासून."

ती रागावली नाही. रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं. तिनं टाकून झालेल्या रानाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"मग छापलं कशाला, सर?" तिनं विचारलं, आणि शिकलेल्या माणसाकडे उत्तर असणारच, अशा भरवशानं घमेलं धरून ती थांबून राहिली.