दुसऱ्यांची मुलं, आपलं घर

अमेरिकेतल्या डलूथ शहरात आपल्याच घरी विल्मा हॉगन शेजारपाजारची मुलं सांभाळायची. पैसे घेऊन मुलं सांभाळणं हा धंदा ठरतो आणि त्यातला अपघात घराच्या विम्यात बसत नाही, हे कळल्यावर तिने जास्तीचा हप्ता भरून तेही विम्यात घालून घेतलं. नवरा रॉय तेव्हा हसला होता. "अगं, पोरं सांभाळतेस की विमानतळ चालवतेस?"

मार्चमध्ये पायरीवरच्या बर्फावरून तिच्याकडची छोटी टेसा घसरली आणि तिचा हात मोडला. रॉयच्या तोंडचं पाणी पळालं. "आता तिचे आईबाप भरपाईचा दावा लावणार. गेलं आपलं घर!"

"काही जात नाही," म्हणत विल्माने कंपनीला फोन लावला.

पलीकडचा माणूस म्हणाला, "घराच्या विम्यात हे बसत नाही, बाई."

"त्याला जोडून घेतलेलं कलम बघा."

जरा वेळाने तो नरमला. "हो, आहे. दवाखान्याचा सगळा खर्च आम्ही देऊ."

सोमवारी टेसाची आई तिला घेऊन पुन्हा दारात हजर. "हिला दुसरीकडे जायचंच नाही!" प्लास्टरचा हात उंचावत टेसा आत पळाली. बाहेर रॉय बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर मीठ पसरत होता.

"कडेलाही टाक रे!" विल्मा आतून ऐटीत ओरडली.