दादाने खाल्लेले शब्द

माझ्या दादाने दीड वर्षाचा असताना एक पुस्तक खाल्लं. अख्खं नाही, फक्त बाहेरचा खालचा कोपरा, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. नुकतेच दात आले होते, त्यांचा उपयोग करून बघत असणार. पुस्तक बडबडगीतांचं. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानाच्या तळाशी दोन ओळी. त्यामुळे चित्रांमधल्या कुणाचं शेपूट गेलं, कुणाचा बूट गेला आणि ओळींमधला नेमका शेवटचा, यमकाचा शब्द गेला.

मी जन्मले तेव्हा पुस्तक असंच होतं. मला वाटायचं, पुस्तकं अशीच येतात, शेवटचं आपलं आपण घालायचं.

बाबा चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचे. संध्याकाळी घरी आले की आधी जुन्या टूथब्रशने नखांतली राखाडी भुकटी काढायचे, मग स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून पलंगावर पाय पसरायचे. एका काखेत दादा, दुसरीत मी.

*बोकडाने शिट्टी फुंकली, सुटली त्याची गाडी,*
*खिडकीमधून लोंबत होती लांब त्याची...*

इथे पान संपायचं, आणि मग "नाडी". आम्ही दोघं गडाबडा लोळायचो. आई आतून म्हणायची, "चांगलं काही शिकवा हो पोरांना." दुसऱ्या दिवशी नाडीची साडी व्हायची. एकदा मांजरीने केलेला चहा पिऊन उंदीर मेला आणि मी जेवायलाच उठेना. तेव्हा बाबांनी पान मागे उलटलं, उंदराला जरा कमी चहा पाजला आणि तो आपल्या पायांनी घरी गेला.

माझ्या आठवणीत हे सगळे शब्द बाबांचे. इतका हजरजबाबी माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे मी नवऱ्याला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. उगाच स्पर्धेत उतरू नये त्याने.

आता माझी लेक, मुंगी, चार वर्षांची आहे. बाबा निवृत्त झालेत, दोन गल्ल्या सोडून राहतात. दर रविवारी सकाळी यायचे आणि तेच कुरतडलेलं पुस्तक काढून बसायचे. तो एक तास माझा असायचा. केस धुवायचे, काही लिहायचं, किंवा नुसतं दाराआड उभं राहून ऐकायचं. बहुतेक वेळा ऐकायचंच.

दोन महिन्यांपूर्वी दादाला त्याच्या गावात, रद्दीच्या दुकानात तेच पुस्तक मिळालं. चारही कोपऱ्यांसकट. त्याने ते पाठवलं, आत चिठ्ठी होती: "घे, परत केलं."

मी ओट्याशी उभ्या उभ्या वाचून काढलं. *दाढी*. बोकडाला दाढीच असणार, इतकी साधी गोष्ट, आणि तीस वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती. मी हरखून गेले. रोज मुंगीला वाचून दाखवलं आणि चार दिवसांत तिचं सगळं पाठ झालं.

रविवारी बाबा आले. जुनं पुस्तक उघडलं. "...लांब त्याची नाडी."

"दाढी," मुंगी म्हणाली.

"आमच्या गाडीत नाडी असते."

"नाही. दाढी. नव्या पुस्तकात लिहिलंय. आजोबा, तुला वाचता येत नाही का?"

बाबा हसले. पुढच्या पानावर पुन्हा चुकले, तिने पुन्हा दुरुस्त केलं. पाचव्या पानावर त्यांनी पुस्तक मिटलं. "आईकडून वाचून घे हं, बाळा. तिचं बरोबर असतं."

पुढच्या रविवारी ते आले, माझ्या चष्म्याचा ढिला स्क्रू पिळून दिला, पेपर वाचला आणि अर्ध्या तासात निघाले. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला, गुडघा दुखतोय. त्यांचा गुडघा दहा वर्षं दुखतोय आणि दहा वर्षं रविवारी व्यवस्थित चालतोय. मी नवं पुस्तक कपाटावर टाकलं. पण मुंगीच्या डोक्यातलं कुठे टाकणार?

मी दादाला फोन केला. "तुझ्या पुस्तकाने घोळ घातलाय. बाबा यायचे बंद झाले."

"म्हणजे खाल्लं तेव्हाही माझाच दोष, परत केलं तेव्हाही माझाच." मग म्हणाला, "पण बाबांना खरे शब्द माहीत असणारच की गं. मी खायच्या आधी मला तेच तर वाचून दाखवायचे."

त्याच दुपारी मी मुंगीला आणि जुन्या पुस्तकाला घेऊन बाबांकडे गेले. ते खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या चष्म्याची काडी बसवत होते.

"बाबा, तुम्हाला दाढी माहीत होती?"

"कुणाची?"

"बोकडाची."

"हां, ती." त्यांनी काडी खाली ठेवली. "न माहीत असायला काय झालं? सगळं पाठ होतं. त्याशिवाय तुझा दादा झोपायचा नाही."

"मग नाडी का म्हणायचात?"

"मी कुठे म्हणायचो? मी दाढी म्हणणार, त्याच्या आत तू. अडीच वर्षांची असशील, धड 'र' येत नव्हता, पण नाडी अगदी स्वच्छ. मग मी तिथे गप्पच बसायला लागलो, तुझं काय येतंय ते बघत. कारखान्यातून निघालो की तेवढंच डोक्यात असायचं, आज बोकडाचं काय लोंबणार."

"आणि उंदीर?"

"तूच मारलास. मारून वर तूच रडलीस."

मुंगी पेटीतले छोटे स्क्रू रंगांप्रमाणे लावत होती, सगळे एकाच रंगाचे.

"मग मुंगीसमोर का नाही गप्प बसत?"

बाबांनी काडी उचलली, पुन्हा ठेवली. "तुझे शब्द होते ना. वाया जाऊ नयेत असं वाटलं."

"जाऊ द्यात," मी म्हटलं. "मी ठेवते ते."

त्यांनी हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला, मुंगीला शेजारी घेतलं आणि मधलंच एक पान उघडलं.

*बेडूकदादा, कुठे निघालात, काखेत घेऊन छत्री?*
*केस कापायला निघालो आहे, आणा जरा...*

आणि थांबले.

"कात्री," मुंगी म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. पान उलटलं नाही.

"आजोबा, पुढे."

"थांब. अजून कुणी येतंय का बघू."

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिने पान पाहिलं, बेडकाचा नसलेला पाय पाहिला, कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ गेला. बाबा जराही हलले नाहीत.

"आत्री," ती हळूच म्हणाली.

"आत्री म्हणजे काय गं?"

"असते."

"कुठे?"

"बेडकांच्या घरी. वरच्या फळीवर."

"मोठी असते?"

तिने दोन्ही हात ताणून दाखवले, तेवढ्याने भागेना म्हणून उभी राहिली.

"बाप रे. मग खाली कोण काढतं ती?" बाबांनी विचारलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू जा, तुझी कामं कर. तासाभराने ये."