पाण्यात उतरणारे पाच बोल्ट

बायको गेल्यावर तिची गाडी सात महिने उभी होती. मग सुरू केली तर पाणी गळायला लागलं. मी स्वतः मेकॅनिक. इंजिनाचं हेड उतरवलं, नवं पॅकिंग घालून बसवलं. पुन्हा गळालं. पुन्हा उतरवलं, पुन्हा तेच. शेवटी मुलाला शब्द दिला, आता गळली तर भंगारात. भंगारवाल्याला येत्या शनिवारी यायला सांगितलंही.

मेहुणी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असते. तिच्याकडे तिसरं पॅकिंग मागितलं.

"दाजी, पॅकिंगच्या मागे हात धुऊन लागलात. हेडच्या बोल्टांना काय लावता?"

"तेल. तीस वर्षं तेलच लावतोय."

"सगळ्यांना?"

"मग काय, आवडते-नावडते करू?"

"या इंजिनात काही भोकं आरपार पाण्यात जातात. तार घालून बघा."

राग आला. हिच्या ताईला गाडी मी शिकवली, आणि ही मला बोल्ट शिकवणार! पण हेड उतरवलेलंच होतं. तार घातली. पाच भोकांना तळ लागला. उरलेल्या पाचांत तार सुळकन खाली गेली आणि ओली होऊन आली. पाणी बोल्टाच्या आट्यांवरून वर चढत होतं, आणि मी शिव्या पॅकिंगला घालत होतो.

पुन्हा दुकानात गेलो. "पाच आहेत," म्हटलं. ती हसली नाही, उपकारच.

"पांढरी टेप दे."

"ती नळाला. इथे तुकडे सुटले तर पाण्याच्या वाटा बुजतील."

"मग ते लाल, बोल्ट पकडून ठेवणारं?"

"असं पकडेल की पुढे उघडताना बोल्ट मोडेल. ही सीलिंग पेस्ट घ्या. आटे आधी कोरडे करा, तेलावर ही धरत नाही."

आटे घासून पुसले. पाण्यातल्या पाचांना पेस्ट, बाकीच्यांना तेल. टॉर्क पान्याने ठरल्या जोराने, क्रमाने आवळले आणि पेस्ट सुकू दिली.

शनिवारी सकाळी गाडी काढली. टेकडीवर दोनदा चढवली. तापमानाचा काटा मधोमध, हलायला तयार नाही. परत येऊन एकेका बोल्टाभोवती बोट फिरवलं. कोरडं! रिकाम्या गॅरेजात मी चक्क ओरडलो. जिला सांगायचं ती नव्हती, म्हणून दुकानात फोन लावला.

"सुकी?" मेहुणीने विचारलं.

"ठणठणीत!"

तेवढ्यात दारात भंगारवाल्याचा ट्रक आला. "काका, माल कुठाय?"

"माल सुरू आहे," मी पुन्हा स्टिअरिंगवर बसत सांगितलं. "ट्रक मागे घे. मुलाला फेरी मारून आणायचंय."