काही तक्रार आहे का?

आमचे हे चावीवाले, आणि तोंडाचे फाटके. कुलूप उघडताना गिऱ्हाइकाची खेचल्याशिवाय यांचा हात चालत नाही. गल्लीच्या टोकाला एका सराफाच्या घरी चोरी झाली, राखणदाराला कुणीतरी डोकं ठेचून ठार मारलं, पण दाराचं कुलूप शाबूत राहिलं. ते कुलूप यांनीच बसवलं होतं. पोलिसांना तेवढं पुरेसं झालं.

सकाळी चौघं दुकानात शिरले तेव्हा हे कानशीने चावी घासत होते. "कशासाठी नेताय, ते तरी सांगा," असं यांनी विचारलं. इन्स्पेक्टर साहेबांनी कानस हिसकावली आणि यांच्या तोंडावर हाणली. भुवई फाटून रक्त डोळ्यात गेलं.

"वकिलाला फोन करू द्या," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्हीही चला ना," साहेब म्हणाले. "तेवढंच त्यांना घरच्यासारखं वाटेल."

ठाण्यात मला एका खोलीत बसवलं आणि यांना शेजारच्या खोलीत नेलं. मधे नुसती फळ्यांची भिंत होती. मला सगळं ऐकू यावं म्हणूनच तिथे बसवलं होतं, हे कळायला मला वेळ लागला नाही.

मारायचं काम एका हवालदाराकडे होतं. त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याची पद्धत मला पहाऱ्यावरच्या शिपायाने सांगितली, अगदी लोणचं कसं घालायचं ते सांगावं तशी. गिरणीतल्या रबरी पट्ट्याचा तुकडा घ्यायचा आणि तळव्यांवर मारायचं. किती मारायचं ते माणसाच्या ओरडण्यावरून ठरवायचं. आवाज चिरका झाला की थांबायचं, नाहीतर हाड जातं. मग त्याला जागच्या जागी उड्या मारायला लावायच्या, म्हणजे सूज उतरते. दुसऱ्या दिवशी माणूस आपल्या पायांनी कोर्टात चालत जातो. "आमच्या पैलवानाचा हात कधी चुकत नाही," शिपाई म्हणाला. मला तिथेच त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

पट्ट्याचा आवाज यायला लागला. एक, मग दुसरा, मग सारखाच. यांचा आवाज मात्र येईना.

"ओरड की!" पैलवान म्हणाला.

"खरं सांगू का दादा," हे म्हणाले, "माझ्या तळव्यांना काही कळतच नाही. तुम्ही उगाच दमताय."

ते खरंच होतं. यांना साखर आहे, तीही जुनी. तळवे पार बधिर झालेत. खिळा रुतला तरी यांना पत्ता नसतो. रोज संध्याकाळी यांचे पाय मांडीवर घेऊन कुठे चिरलंय का, हे मीच बघते. पण पैलवानाला कुठलं हे ठाऊक असायला? एवढ्या वर्षांत न ओरडणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. त्याला वाटलं, हा आपली टर उडवतोय. त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

मी भिंतीवर मुठी आपटल्या. "अहो, साखर आहे त्यांना! पाय बधिर आहेत! मेल्यांनो, पाय तुटेल त्यांचा!"

"चहा बिनसाखरेचा देऊ मग," पलीकडून साहेब म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

मग पट्टा बाजूला पडला आणि लोखंडी नळी आली. आवाजच बदलला. प्रत्येक फटक्याबरोबर पैलवान ओरडत होता, "ओरड! ओरड!" मधेच वाळकी फांदी मोडल्यासारखं काहीतरी कडकन वाजलं. त्यानंतरही नळी थांबली नाही. थांबायचं कधी, हे सांगणारा आवाजच नव्हता ना.

शेवटी साहेबच कंटाळले. त्यांनी मला केसांना धरून त्या खोलीत ओढत नेलं. हे बाकावर पालथे बांधलेले होते, पायांवर पोतं टाकलेलं. साहेबांनी पहिल्याच ठोशात माझा दात पाडला. दुसरा ठोसा पोटात बसला आणि मी त्यांच्या बुटांवर ओकले. तेव्हा कुठे हे ओरडले. बाकासकट उलटले आणि गुरासारखे ओरडले.

"तिला सोडा! काय म्हणायचं ते सांगा, मी म्हणतो!"

"इथे म्हणून काय उपयोग?" साहेब रुमालाने बूट पुसत म्हणाले. "पोलिसांसमोर कबूल केलेलं कोर्ट मानत नाही. उद्या तिथे सांगायचं, राखणदाराला मी मारलं. मारहाणीचं विचारलं तर तक्रार नाही. काही वेगळं बोललास तर संध्याकाळी बायकोला पुन्हा इथे आणतो."

मला सोडून दिलं. मी बाहेर पडले तेव्हा आत उड्या मारल्याचे धप धप आवाज येत होते.

दुसऱ्या दिवशी कोर्टात यांना सरकारी खर्चाची एक वकीलबाई मिळाली. "मला आरोपीशी एकटीला बोलायचंय, तो त्याचा हक्क आहे," असं ती तीनदा म्हणाली आणि पैलवान तिन्ही वेळा मधे उभा राहिला. मग यांना आत आणलं. अंगावर धुतलेला शर्ट, पायात कुणाचे तरी काळे बंद बूट. हे चालत आले. उजवं पाऊल भलतीकडेच वळत होतं आणि मागे फरशीवर ओला, लालसर डाग उमटत होता. यांना कशाचाच पत्ता नव्हता.

न्यायाधीश काहीतरी लिहीत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "काही तक्रार आहे का?"

"नाही," हे म्हणाले. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"गुन्ह्याबद्दल त्याला स्वतःहून काही सांगायचंय, साहेब," इन्स्पेक्टर म्हणाले.

"सांगू दे."

हे सांगू लागले, "त्या राखणदाराला..."

आता आणखी एक शब्द आणि माझा माणूस जन्मभर आत. माझी पाचावर धारण बसली होती. संध्याकाळची ती खोली, साहेबांची मूठ, सगळं डोळ्यांपुढे आलं. तरी मी उठले.

"त्यांना विचारू नका!" मी ओरडले. "त्यांना काय झालंय ते त्यांनाच माहीत नाही! त्यांचे पाय बघा!"

पैलवानाने माझा दंड धरला. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला, तोंडात रक्त येईपर्यंत. ते माझं आहे की त्याचं, कळेना. वकीलबाईने त्याला ढकललं. मी यांच्यासमोर फतकल मारली, रोजच्यासारखा पाय मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सोडली. बूट निघेना. ओढला तेव्हा आतलं साचलेलं रक्त माझ्या मांडीवर सांडलं. मोज्याबरोबर तळव्याची कातडी सोलून आली. अंगठ्याखाली पांढरं हाड बाहेर आलं होतं.

मागे कुणीतरी ओकलं. न्यायाधीश उभे राहिले.

यांनी खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हा माझा पाय?" त्यांनी मला विचारलं. आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडायला लागले. रडता रडताच म्हणाले, "मी कुणाला मारलं नाही हो. मी नुसतं कुलूप बसवलं."

"गाडी बोलवा, यांना आधी दवाखान्यात न्या," न्यायाधीश म्हणाले. "आणि दारं लावा. पोलिसांपैकी कुणी बाहेर जाणार नाही." मग त्यांनी यांना विचारलं, "हे कुणी केलं?"

यांनी पैलवानाकडे बोट दाखवलं, मग साहेबांकडे.

न्यायाधीश पैलवानाकडे वळले. "काय म्हणणं आहे तुमचं?" असं विचारून स्वतःच थांबले. डोळे मिटून त्यांनी श्वास घेतला आणि सावकाश, समजावल्यासारखं म्हणाले, "थांबा. तुम्हाला उत्तर द्यायची सक्ती नाही. बोललात तर ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. आधी वकिलाशी बोला."

आमच्या यांना हे कुणी ऐकवलं नव्हतं, एकदाही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती नळी आणावी, याला पालथा बांधावा आणि याची हाडं मोजावीत, असं मला वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? मी वकीलबाईकडे पाहिलं. तिने माझा खांदा घट्ट दाबून धरला होता.

पैलवानाने न्यायाधीशांकडे पाहिलं, मग दाराकडे. तो गप्प राहिला. आणि भरल्या कोर्टात त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.