चवीपुरतं

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला सगळे मावशी म्हणत. मोठ्या शेगडीवर तिचंच राज्य होतं. पण गेल्या वर्षापासून गुडघे आणि बोटांचे सांधे ठणकू लागले होते. सकाळी मूठ मिटायची नाही. भरलेलं पातेलं उतरवताना ती ओठ चावायची, आणि त्याआधी कुणी बघत नाही ना, ते बघायची.

मॅनेजरने बघितलंच. "मावशी, काउंटरवर बसा आता. पगार तोच. महिनाअखेर काय ते सांगा."

बोलणं मायेचं होतं, पण शेगडी सोडायचं तिला मुळीच नको होतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबरोबर आणखी एक सुचवलं. "काहींना दुधाने दुखणं वाढल्यासारखं वाटतं, काहींना काहीच फरक पडत नाही. तुमचं काय, ते करून बघू. महिनाभर दूध, दही, लोणी, चीज बंद. पूर्ण म्हणजे पूर्ण."

तिने पूर्ण बंद केलं. घरात दूध येणंच थांबलं. तिचा नवरा बस चालवायचा. बायकोला एकटं वाटू नये म्हणून तोही काळा चहा पिऊ लागला, आणि प्रत्येक घोटाला एरंडेल घेतल्यासारखं तोंड करू लागला.

"नका पिऊ ना मग."

"पितोय ना! मी काही बोललो का?"

महिना सरत आला तरी बोटं तशीच. ती सैरभैर झाली. एका जागी बसवेना. झाकणं उगाच उघडायची, फडक्यांच्या घड्या घालून पुन्हा मोडायची, रस्त्याने चालताना कोटाच्या खिशात मूठ मिटून बघायची.

"थोतांड आहे सगळं," ती नवऱ्याला म्हणाली. "दुधाचा काही संबंध नाही. उद्या मॅनेजरला हो म्हणून टाकते."

दुसऱ्या दिवशी त्याची बस दुरुस्तीला गेली, म्हणून तो दुपारी कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात दाराशी स्टूल टाकून बसला. तिने सूप ढवळलं, डावातून थोडं तळहातावर घेतलं, चाखलं. मिरपूड टाकली, पुन्हा चाखलं. शेजारी दूध-लोण्याचा पांढरा सॉस उकळत होता. तिथेही तेच: डाव, तळहात, जीभ. मग पुडिंग. मग परत सॉस, कारण मघाशी मीठ कमी वाटलं होतं.

"अगं!" तो स्टुलावरून उठलाच. "हे काय चाललंय?"

"कुठे काय? चव बघतेय."

"त्यात दूध नाही?"

"आहे की. पण मी खातेय कुठे?"

भाज्या चिरणारा उंचाडा सहकारी, ज्याला सगळे लंबू म्हणत, सुरी थांबवून म्हणाला, "मावशी, तुमची चव बघून होईपर्यंत माझं अर्धं पोट भरलं असतं."

"मी महिनाभर तो काढा गिळतोय," नवरा म्हणाला, "आणि तू इथे पातेल्यापातेल्याला जीभ लावत हिंडतेस!"

लंबू हसला. तिला हसू येईना. चुकून काही पोटात जातं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आणि तिने छातीठोकपणे नाही म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं. दिवसभर चाखत राहणारा कुठलाही आचारी संध्याकाळी शपथेवर सांगेल की सकाळपासून अन्नाचा कण पोटात गेला नाही.

तिने मॅनेजरकडून आणखी महिना मागून घेतला. चाखायचं काम लंबूकडे गेलं, आणि तिचे हाल सुरू झाले.

"मीठ?"

"आहे."

"आहे म्हणजे? कमी, जास्त, बरोबर?"

"छान आहे, मावशी."

"छान काय छान! अळणी आहे का सांग!"

तिचा तळहात आपसूक पुढे यायचा. ती तो एप्रनमध्ये खुपसायची. सॉस कसा झालाय ते न कळताच वाढायला पाठवायची आणि दाराच्या फटीतून जेवणाऱ्यांची तोंडं न्याहाळत राहायची.

हळूहळू लंबूची जीभ तयार झाली. आणि एका सकाळी वेणी घालून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आज मध्ये थांबावं लागलं नाही. गुडघे दुखतच होते, बोटंही पुरती बरी नव्हती, पण मूठ मिटत होती.

"हे दुधामुळेच की आपोआप, ते अजून कळलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता पेलाभर दूध पिऊन बघा."

"आता? जरा बरं वाटतंय तर?"

"बरं वाटतंय म्हणूनच."

घरी दुधाचा पेला टेबलावर ठेवून ती खोलीभर फिरत राहिली.

"मी पिऊ का?" नवऱ्याने आशेने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा." तिने डोळे मिटले आणि एका दमात पेला संपवला. मग जेवताना, भांडी आवरताना, अंथरुणावर पडल्यावरही ती बोटं उघडत-मिटत राहिली.

सकाळी बोटं सुजली होती. मूठ अर्ध्यावरच अडली. कोटाची बटणं नवऱ्याने लावून दिली. "झालं ना वाटोळं," तो हळहळला. डॉक्टरीणबाई पुन्हा एकदा करून बघा म्हणतीलही. पण तिला तेवढं थांबायचं नव्हतं. भराभर चालत ती थेट मॅनेजरसमोर उभी राहिली.

"मी शेगडीवरच राहणार."

त्याने तिच्या हाताकडे बघितलं. "मावशी, आज तर मूठसुद्धा मिटत नाहीये तुमची!"

"म्हणूनच आज सांगतेय. काल पेलाभर दूध प्याले, आज ही गत. दूध बंद असलं की मिटते," ती म्हणाली, आणि आत वळून ओरडली, "लंबू, पातेलं तू उतरव. आणि सॉस चाख. छान आहे म्हणालास तर बघ!"